मशीन थांबलं की चिठ्ठी नापास

शब्दकोशाच्या कार्यालयातून पत्र आलं. पुढच्या बाजूला कामाची ओळ एकच होती: ‘दुसऱ्या हाताने शुक्रवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.’

शिवणकाकूंनी ती ओळ चारदा वाचली. हात समक्ष हजर कसा राहणार? आणि दुसरा म्हणजे कुणाचा? घरात माणसं दोन, हात चार, त्यातला एक आठ महिन्यांपासून मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहायचा. तो हात चिठ्ठीकाकांचा, आणि पत्रही त्यांच्याच नावावर होतं. काकूंनी ते त्यांच्यापुढे धरलं. काकांनी ते डोळ्यांनी वाचलं, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, “असं.”

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याकडे शब्द उरला होता तो हा एवढाच. भूक लागली तरी असं, पंखा नको असला तरी असं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं शब्दांचाच धंदा केला, त्याच्यावर ही वेळ यावी. काकू पहिल्या महिन्यात रडल्या, दुसऱ्या महिन्यात चिडल्या, आणि मग त्या एका शब्दातले चढउतार ओळखायला शिकल्या. पण आजच्या ‘असं’चा अर्थ त्यांना लागेना.

खालच्या मजल्यावर भावजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काकूंनी पत्र त्यांना नेऊन दाखवलं.

“वहिनी, एक हात मागवलाय ना? तुम्ही दोन्ही घेऊन जा. उगाच नंतर तक्रार नको,” भावजी म्हणाले. मग पत्र उलटून त्यांनी मागचा मजकूर वाचला आणि त्यांचं हसू मावळलं. मागे लिहिलं होतं की कोशाचा पहिला खंड, क्रियापदांचा, छापायला निघाला आहे. चिठ्ठ्या तपासणारा दुसरा हात कोण, याची नोंद कुठेच सापडत नाही. तो न सापडल्यास शनिवारच्या सभेत संकलक म्हणून असलेलं काकांचं नाव मुखपृष्ठावरून काढून आतल्या आभारांच्या यादीत घातलं जाईल.

दुसरा हात कोण ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तो हात त्यांचाच होता.

हे प्रकरण असं होतं. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि तुर्की प्रतिशब्द असा तिहेरी कोश करायचं कुणीतरी मनावर घेतलं होतं. इथल्या कारखान्यांची यंत्रं तिकडून यायची, माहितीपुस्तकं दोन्ही भाषांत असायची आणि वाचून कुणाला ओ की ठो कळायचं नाही, तिथून ही कल्पना निघाली. चिठ्ठीकाकांच्या वाट्याला क्रियापदं आली. एका अर्थाला एक चिठ्ठी. तुर्की शब्द तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून पत्राने यायचे, ती पत्रं चिठ्ठ्यांना टाचलेली असायची, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण कार्यालयाचा नियम होता की प्रत्येक चिठ्ठीवर दोन खुणा हव्यात: लिहिणारा तो पहिला हात, तपासणारा तो दुसरा. दुसरा माणूस मिळेना. तेव्हाचे म्हातारे संपादक काकांना म्हणाले होते, “अहो, जाणता कशाला शोधता? अजाण माणूस शोधा. कोश त्याच्यासाठीच असतो.”

काकांनी घरी येऊन इकडेतिकडे बघितलं. समोर काकू शिवणाचं मशीन चालवत बसल्या होत्या. अजाण माणूस सापडला.

तेव्हापासून रोज दुपारी काकू कपडे शिवायच्या आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून चिठ्ठ्या वाचायचे. इंग्रजी शब्द, तुर्की शब्द, अर्थ, मग एक साधं वाक्य. काकूंनी काही बोलायचं नव्हतं. त्यांचा पाय पायट्यावर चालत राहिला की अर्थ समजला. पाय थांबला की चिठ्ठी नापास, ती पुन्हा लिहायची. गंमत म्हणजे पाय थांबलेला काकूंना कळायचाही नाही. काकाच सुस्कारा टाकायचे, “नापास,” आणि खोडायला लागायचे. पास झालेल्या चिठ्ठीवर काकू कापड आखायच्या निळ्या पेन्सिलीने एक खूण करायच्या. नवऱ्याची कुरकुर बंद व्हावी म्हणून केलेलं काम ते. त्याची कुठे नोंद व्हायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

घरातल्या फळीवर काकांनी पुस्तकं दोन्हीकडे सरकवून मध्ये चार बोटांची जागा मोकळी ठेवली होती. कोश आला की तिथे ठेवायचा. आजारपणानंतरही रोज सकाळी ते डाव्या हाताने त्या जागेकडे बोट दाखवायचे. डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन म्हणाले होते की दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. पुस्तक त्या जागेत बसलेलं आणि त्यावर स्वतःचं नाव यांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच काकूंना हवं होतं. आभारांच्या यादीत, चहा आणून देणाऱ्याच्या वर आणि जागा भाड्याने देणाऱ्याच्या खाली नव्हे.

शुक्रवारी भावजींना काकांजवळ बसवून काकू निघाल्या. कार्यालय एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. लांबलचक खोली, भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर अक्षर. नवीन संपादकबाई चाळिशीच्या, चष्मा केसांत अडकवलेला. त्यांनी काकूंच्या मागे दाराकडे बघितलं.

“सर कुठे आहेत?”

“कोण सर?”

“दुसरा हात.”

“मीच ती.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काकूंना बघितलं आणि पुन्हा केसांत अडकवला. “बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय करता?”

“शिवणकाम.”

“आणि इंग्रजी? तुर्की?”

“छे हो. मला काय येतंय.”

हे बोलल्याबरोबर आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे काकूंना कळलं, पण तोवर बाईंनी डोकं धरलं होतं. अकरा हजार चिठ्ठ्यांवर निळी खूण होती आणि ती कुण्या भाषापंडिताची असणार असं सगळं मंडळ धरून चाललं होतं. काकूंनी मशीनचं सांगितलं. पाय चालतो, पाय थांबतो, नापास, पास. सांगताना त्यांचं त्यांनाच ते इतकं वेड्यासारखं वाटलं की शेवटी आवाज बारीक झाला. बाईंचा गोंधळ वेगळाच. रागवावं तर समोर आईच्या वयाची बाई, हसावं तर उद्या सभेला तोंड द्यायचं. त्यांनी एक खण ओढला.

“‘लीव्ह’ हे क्रियापद. याचंच पान अडकलंय. मी वाचते, तुम्ही ऐका.”

बाई वाचत गेल्या. ठेवणे. राहू देणे. निघणे. मागे विसरणे. त्रास न देता एकटं सोडणे. वारशाने मागे ठेवणे. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. सहाव्या चिठ्ठीला बाई थांबल्या आणि टेबलाखाली वाकून बघितलं. टेबल हलत होतं. काकूंचा उजवा पाय फरशीवर टाच-चवडा, टाच-चवडा करत होता.

“सॉरी,” काकू म्हणाल्या.

“नाही, चालू द्या.”

पुढच्या चिठ्ठीला पाय थांबला. बाईंनी तीच चिठ्ठी पुन्हा वाचली: ‘एखाद्या स्थानाचा वा कार्याचा परित्याग करणे.’ पाय हलेना.

“हे यांचं नाही,” काकू म्हणाल्या. “हे असं लिहीत नाहीत. लिहिलं तर मी लिहू देत नाही.”

बाईंचे कान लाल झाले. “ते मी सुधारलं. परवा.”

“सुधारलं होय? मला वाटलं पायात गोळा आला.”

बाईंना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात ढकललं. मग सहज म्हणून विचारलं, “छत्री दुकानात राहिली तर तुर्कीत काय?”

“विसरून राहिली तर उनुत्माक. मुद्दाम ठेवली तर बिराक्माक.” काकू बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. हे कुठून आलं? “आणि वारशाने ठेवलं की मिरास बिराक्माक. ते मला लगेच पाठ झालं, आपल्यातही मिरास म्हणतातच की. नि कुणाला सुखाने राहू द्यायचं तर रहात बिराक्माक. यांना मी कितीदा म्हटलं, अहो, मला जरा रहात बिराक्माक, गिऱ्हाईक आलंय.”

बाईंनी खणातल्या चिठ्ठ्या चाळल्या. मग त्यांनी एक चिठ्ठी अलगद पुढे सरकवली. “सभेला मी तुमची बाजू सांगेन. बत्तीस वर्षं खरी तपासणी झाली, हे सांगेन. पण ही बघा. ‘लीव्ह’चे चौदा अर्थ, निळ्या खुणा तेरा. नऊ नंबरवर खूणच नाही. विरोध करणारे हीच उचलून दाखवतील. म्हणतील, एक तशीच आत आली, म्हणजे बाकीच्या खुणा शोभेच्या.”

काकूंनी चिठ्ठी हातात घेतली आणि उलटून बघितली. बाकीच्या चिठ्ठ्या पांढऱ्या, ही खाकी. पाठीमागे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बाही सतरा, खांदा साडेपाच.

एकोणीस वर्षांपूर्वीचा संताप तसाच्या तसा वर आला. तेव्हा एकदा काकांचे कागद संपले होते, दुकान बंद होतं. या गृहस्थाने कपाटातले काकूंच्या गिऱ्हाइकांच्या मापांचे खाकी कागद काढले, वीस वर्षांची मापं, आणि कात्रीने त्यांचे चौकोन केले. वर विचारलं, “हे जुने होते ना?” काकूंनी खुंटीवरची पिशवी काढली. पिशवी भरून बहिणीकडे निघून गेल्या त्या चार महिने आल्याच नाहीत. काका न्यायलाही आले नाहीत. यांना काय, बायको नाही तर निवांतपणा, भरपूर लिहून होत असेल, असं काकू बहिणीला म्हणायच्या. परत आल्या त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “काम कसं चाललंय?” काका म्हणाले होते, “जोरात.” तेवढ्यावर तो विषय मिटला. मिटला म्हणजे कुणी पुन्हा काढला नाही.

“आणखी एक मला समजत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी आवक वही उघडली. “हे दर आठवड्याला सहा-सात चिठ्ठ्या आणून द्यायचे. बत्तीस वर्षांत कधी खंड नाही. फक्त हे चार महिने बघा, एकोणीस वर्षांपूर्वीचे. एक चिठ्ठी. हीच. आजारी होते का?”

काकूंनी वहीतले रिकामे रकाने बघितले. तारखा बघितल्या. बोटावर महिने मोजले, पुन्हा मोजले. “नाही,” त्या म्हणाल्या. “जोरात चाललं होतं म्हणाले.”

त्यांचं डोकं चालेना. माणूस आजारी नव्हता, घरात कटकट करणारं कुणी नव्हतं, कागद तर आपला जीव घेऊन भरपूर कापून ठेवलेले. मग लिहिलं का नाही?

बाईंनी खणातून एक निळी पेन्सिल काढून काकूंसमोर ठेवली. मग खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. “मी इकडे बघतेय,” त्या म्हणाल्या. “एक खूण करायला किती वेळ लागतो?”

काकूंनी पेन्सिल उचलली. नाव वर राहील, फळीवरची जागा भरेल, आणि हे कुणाला कळणार आहे? पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं. पण चिठ्ठी त्यांनी ऐकलेली नव्हती. न ऐकता खूण केली तर विरोध करणारे म्हणतील तेच खरं. शोभेची खूण. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चिठ्ठी न वाचताच घडी करून पाकिटात घातली.

“मी वाचत नाही, ऐकते. उद्या सकाळी आणून देते,” त्या म्हणाल्या.

“नापास झाली तर?”

“तर नापास.”

घरी आल्या तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. काका खुर्चीत, भावजी त्यांना कुठल्याशा रेडिओचा इतिहास सांगत होते. काकूंनी चप्पल काढली, मशीनवरचं झाकण काढलं, अर्धवट राहिलेला सदरा सुईखाली घेतला आणि पाकीट भावजींच्या हातात दिलं.

“वाचा. सावकाश वाचा. तुर्की शब्द अडला तर तसाच वाचा.”

खाकी कागद बघितल्याबरोबर काका खुर्चीत सरळ झाले. “असं,” ते म्हणाले. मग मोठ्याने, “असं, असं,” आणि डावा हात कागदाकडे झेपावला. पोचला नाही.

“आता का?” काकू म्हणाल्या. “एकोणीस वर्षं लपवलीत. हिला खूण नाही म्हणून तुमचं नाव काढायला निघालेत तिथे, माहीत आहे? वाचा हो भावजी.”

त्यांनी पायटा दाबला. मशीन चालू झालं. भावजींनी घसा साफ करून बातम्या द्याव्यात तसं सुरू केलं.

“लीव्ह. अर्थ नववा. तुर्की: तेर्क एत्मेक. ज्याच्याबरोबर राहिलो त्याला सोडून निघून जाणे.”

मशीन चालत होतं. शिवण सरळ पडत होती.

“टीप. या शब्दाचा मूळचा अर्थ ‘मागे राहू देणे’ असा आहे. निघून जाणे हा अर्थ त्याला पुढे जडला. जुन्या काळी जाणाऱ्याकडे नव्हे, मागे राहणाऱ्याकडे बघून हा शब्द वापरत असावेत.”

मशीन चालत होतं. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

“उदाहरण.” भावजी थांबले. “वहिनी, इथे खोडलंय. तीनदा खोडलंय. चौथं आहे ते वाचू?”

“वाचा.”

भावजींचा बातम्यांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. ते साध्या आवाजात म्हणाले, “‘ती मला सोडून गेली. मशीन बंद आहे. लिहिलेलं बरोबर की चूक, ते आता कळत नाही.’”

मशीन थांबलं.

या वेळी मात्र ते थांबलेलं काकूंना कळलं. घरात एवढी शांतता झाली की खालच्या दुकानात चालू राहिलेला रेडिओ ऐकू यायला लागला. वहीतले ते रिकामे रकाने त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आठवड्यामागून आठवडा. बहिणीच्या घरी बसून आपण काय काय बोललो तेही आठवलं. निवांतपणा म्हणे. हा माणूस चार महिने कोरे चौकोन पुढ्यात घेऊन त्या बंद मशीनजवळ बसून होता, आणि वर ‘जोरात’ म्हणाला.

काकांनी डोळे उघडले. आधी पायट्यावर थांबलेल्या पावलाकडे बघितलं, मग फळीवरच्या मोकळ्या जागेकडे. चेहरा उतरला. बत्तीस वर्षं नियम त्यांचाच होता. पाय थांबला की नापास. त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली, पुन्हा लिहायला.

काकू उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी भावजींच्या हातून चिठ्ठी घेतली.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “समजलं म्हणून थांबलं.”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ते पटत नव्हतं, हे दिसत होतं. असं कधी झालंच नव्हतं.

“न्यायला आला असतात तर त्याच दिवशी आले असते मी,” काकू म्हणाल्या. “पिशवी उघडलीसुद्धा नव्हती पहिला आठवडा. आणि मला वाटायचं, तुम्ही चिठ्ठ्या लिहिताय.” भावजी रेडिओ चालू राहिल्याचं निमित्त करून खाली दुकानात निघून गेले. रेडिओ बंद झाला.

काकूंनी मशीनच्या खणातून निळी पेन्सिल काढली. चिठ्ठी शिवणाच्या फळीवर सपाट केली, घडी बोटाने दाबून घालवली आणि कोपऱ्यात खूण केली. मग नीट दिसावी म्हणून तीच पुन्हा गिरवली, आणि ती काकांसमोर धरली.

“असं,” काका म्हणाले.

“हो,” काकू म्हणाल्या. “असंच.”

चिठ्ठी त्यांनी पाकिटात घातली, पाकीट पिशवीत घातलं, पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली, सकाळी विसरायला नको म्हणून. मग काका पूर्वी चिठ्ठ्या वाचायला बसायचे ते स्टूल मशीनशेजारी ओढलं, त्यांना सावकाश त्यावर बसवलं आणि सदऱ्याची राहिलेली बाही शिवायला घेतली.